आधी इलाँगेशनचा रकाना वाचा

धातूंविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकातल्या प्रत्येक तक्त्यात एकच गोष्ट दिसते, मजबुती वाढली की तन्यता, म्हणजे तुटण्याआधी लांबण्याची क्षमता, घटते. मग नव्या धातूंमध्ये 'दोन्ही वाढवलं' असं जे वाचायला मिळतं, ते कसं शक्य आहे? की तो आकड्यांचा खेळ असतो? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आकड्यांचा खेळ कधीकधी असतो, त्याकडे येतोच. पण दोन्ही एकत्र वाढवता येतात हे खरं आहे, आणि कसं ते समजलं की धातुशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम आपोआप जागेवर बसतो. म्हणून तुझ्या प्रश्नाला आज जास्त जागा देतो आहे.

माझी बरीचशी नोकरी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या फोर्जिंग कारखान्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये गेली. नवीन मुलगा यूटीएमवर, म्हणजे नमुना ओढून तोडणाऱ्या मशीनवर, आला की तो हमखास लोडच्या आकड्याकडे बघत बसायचा. मी त्याला सांगायचो, आकडा मशीन लिहून ठेवतं, तू नमुन्याकडे बघ. ओढायला सुरुवात झाली की नमुना आधी सगळीकडून सारखा लांबतो. आता कुठलाही नमुना टोकापासून टोकापर्यंत अगदी एकसारखा नसतो. कुठेतरी तो केसभर बारीक असतोच. त्या जागी ताण जास्त येतो, म्हणून ती जागा आधी लांबते आणि लांबल्यामुळे आणखी बारीक होते. या हिशेबाने तो तिथेच पटकन तुटायला हवा. तुटत नाही, कारण ताणला गेलेला धातू कठीण होतो. ती जागा कठीण झाली की लांबण्याचं काम शेजारच्या जागेवर जातं, तीही कठीण झाली की आणखी पुढे. ही फिरती पाळी जोवर चालू आहे तोवर नमुना एकसारखा लांबत राहतो. ज्या क्षणी कठीण होण्याचा वेग अपुरा पडतो, त्या क्षणी एकाच जागी कंबर पडते, नेकिंग सुरू होतं, आणि मग तुटणं ही थोड्या वेळाचीच गोष्ट असते.

कॉन्सिदेअर या फ्रेंच इंजिनिअरने 1885 मध्येच याचा हिशेब मांडला. धातू कठीण होण्याचा दर घसरत घसरत त्या घडीच्या खऱ्या ताणाइतका खाली आला की कंबर पडते. हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेव. याचा अर्थ असा की यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा लांबू लागतो तो ताण, 300 मेगापास्कलवरून (हे ताणाचं एकक) 900 वर नेलंस आणि नमुना पूर्वीइतकाच लांबायला हवा असेल, तर कठीण होण्याचा दरही साधारण तिप्पट लागेल. तो मिळाला तर तन्यता टिकते, नाही मिळाला तर जाते. मजबुतीचं आणि तन्यतेचं जन्मजात वैर नाही. मजबुती वाढवण्याच्या आपल्या नेहमीच्या पद्धती कठीण होण्याची ही कुवत आधीच खर्चून टाकतात, दुखणं तिथे आहे.

ते कसं, हेही बघू. धातू वाकतो तो डिस्लोकेशनमुळे, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या दोषांमुळे. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी 1934 मध्ये स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. हे दोष सरकले की धातू वाकतो, ते एकमेकांत अडकले की कठीण होतो. मजबूत करायचं म्हणजे त्यांच्या वाटेत अडथळे उभे करायचे. ग्रेन, म्हणजे धातूतले छोटे स्फटिक, बारीक करणं हा त्यातला सर्वांत सरळ उपाय. हॉल यांनी 1951 मध्ये आणि पेच यांनी 1953 मध्ये त्याचं गणित दिलं, ग्रेनचा व्यास एक चतुर्थांश केला की ग्रेनच्या सीमांमुळे मिळणारी मजबुती दुप्पट होते. पण ग्रेन शे-दीडशे नॅनोमीटरपर्यंत खाली आणले की डिस्लोकेशन एका सीमेवर जन्मतं आणि समोरच्या सीमेत विरून जातं. आत गर्दी व्हायला जागाच उरत नाही. गर्दी नाही म्हणजे कठीण होणं नाही, आणि कठीण होणं नाही म्हणजे लगेच कंबर. नॅनो ग्रेनचं तांबं म्हणूनच भलतं मजबूत असतं आणि जेमतेम काही टक्के लांबून तुटतं. थंड अवस्थेत जबर रोलिंग केलेल्या पट्टीचंही तेच, तिच्यात डिस्लोकेशन आधीच ठासून भरलेली असतात.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं या विषयावरचं बरंचसं चांगलं काम ही कुवत जिवंत कशी ठेवायची याच शोधाचं आहे. 2002 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एन मा यांच्या गटाने तांबं द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत रोल केलं आणि मग अगदी थोडा वेळ तापवलं. बहुतेक ग्रेन अतिसूक्ष्म राहिले, पण मधूनमधून एक ते तीन मायक्रॉनचे मोठे ग्रेन तयार झाले. बारीक ग्रेनांनी मजबुती सांभाळली, मोठ्यांनी डिस्लोकेशनना जागा दिली. 2004 मध्ये चीनमधल्या शेनयांगच्या धातुसंशोधन संस्थेने ग्रेनच्या आत नॅनोमीटर जाडीच्या जुळ्या पट्ट्या वाढवल्या, ज्यांना ट्विन म्हणतात. ट्विनची सीमा डिस्लोकेशनला अडवते, पण स्वतःवर साठूही देते. त्या तांब्याची मजबुती 1000 मेगापास्कलच्या वर गेली आणि विजेचं वहन जवळपास शुद्ध तांब्याइतकंच राहिलं. त्याच संस्थेने 2011 मध्ये तांब्याच्या कांडीच्या कातडीलाच नॅनो ग्रेन दिले. आत जाल तसे ग्रेन हळूहळू मोठे होत गेले. गाभ्यापासून वेगळी केली असती तर ती कातडी लगेच फाटली असती. आतल्या मऊ गाभ्याला चिकटून राहिल्यामुळे ती गाभ्याबरोबर लांबत गेली.

पण मला विचारशील तर या सगळ्याचा मूळ पुरुष 1882 मधला आहे. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांचं मँगनीज पोलाद. बारा टक्क्यांच्या आसपास मँगनीज, सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन. साधं पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कठीण आणि ठिसूळ होतं. हे 1000 अंशांच्या वर तापवून पाण्यात बुडवलं की उलट चिवट होतं, हार्डनेस 200 ब्रिनेलच्या आसपास (ब्रिनेल हे कठीणपणाचं माप). आणि मग त्याला बडवायला सुरुवात केली की पृष्ठभाग 500 ब्रिनेलपर्यंत चढतो, आतला भाग मात्र चिवटच राहतो. रेल्वेच्या क्रॉसिंगचं नाक, जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो आणि प्रत्येक चाक ठोसा मारून जातं, ते याच पोलादाचं ओतलेलं असतं. मोशी-वाघोलीकडच्या खडी क्रशरमधल्या दगड चिरडणाऱ्या जॉ प्लेटही याच्याच. आमच्या टूलरूममध्ये या पोलादाचा तुकडा आला की जुने मशिनिस्ट आधी ड्रिलचा फीड, म्हणजे ते पुढे सरकण्याचा वेग, तपासायचे. ड्रिल एका जागी न कापता नुसतं घासलं तर तेवढ्यात तिथलं पोलाद कठीण होतं आणि टूलची धार जाते. एकदा कापायला लागलं की थांबायचं नाही. ज्याने हे पोलाद हाताने कापलंय त्याला 'स्ट्रेन हार्डनिंग', म्हणजे ताणल्याने कठीण होणं, ही संकल्पना फळ्यावर समजवावी लागत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. जबर ठोसे बसले तरच ते कठीण होतं. नुसती वाळू घासत राहिली तर ते मुकाट झिजतं, मग लोक मालाला दोष देतात.

हॅडफील्ड पोलादात ओढताना नवे ट्विन तयार होतात, आणि प्रत्येक ट्विन म्हणजे नवी सीमा, नवा अडथळा. अडथळे आधी भरून ठेवलेले नसतात, गरज पडेल तसे तयार होतात. आजची ट्विप पोलादं याच तत्त्वावर चालतात. ट्रिप पोलादात, ज्याची कल्पना झॅके यांच्या गटाने 1967 मध्ये मांडली, मऊ ऑस्टेनाइट ओढ बसेल तिथे कठीण मार्टेन्साइट होतो (ही पोलादाच्या आतल्या दोन रचनांची नावं). म्हणजे जिथे कंबर पडू पाहते नेमकी तिथेच मदत पोचते. मला हे आजही विलक्षण सुंदर वाटतं.

आता आकड्यांचा खेळ. लेखात 'इलाँगेशन', म्हणजे ओढल्यावर लांबी किती टक्के वाढली तो आकडा, दिसला की दोन गोष्टी बघ. आकडा कंबर पडेपर्यंतचा आहे की तुटेपर्यंतचा? वर सांगितलेलं 2002 चं तांबं तुटेपर्यंत 65 टक्के लांबलं, पण एकसारखं लांबलं ते सुमारे 30 टक्के. दुसरं, गेज लेंथ, म्हणजे लांबणं मोजण्यासाठी नमुन्यावर खूण केलेली लांबी, किती होती? नमुना चिमुकला आणि जाड असेल तर कंबरेतली लांबी छोट्या गेजवर मोठा टक्का दाखवते. प्रयोगशाळेत काही मिलिमीटरचा तुकडा ओढून मिळालेला टक्का कारखान्यातल्या प्रमाणित नमुन्याच्या शेजारी ठेवून तुलना करू नकोस.

प्रश्न : आम्ही गावात दोन मजली घर बांधतोय. इंजिनिअरने नकाशावर 'फे 500 डी' लिहिलंय. दुकानदार म्हणतो, त्यापेक्षा फे 550 घ्या, जास्त मजबूत, सळई कमी लागेल. काय करावं? आमच्याकडे भूकंपाची धास्ती अजून आहे. — एक शेतकरी, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : नकाशावर जे लिहिलंय तेच घ्या. इंजिनिअरला न विचारता ग्रेड बदलू नका, 'वरची' ग्रेड असली तरी नाही.

आकडा म्हणजे यील्डची किमान मजबुती, मेगापास्कलमध्ये. आणि 'डी' म्हणजे तन्यता जास्त. सळईसाठीच्या आयएस 1786 या भारतीय मानकाप्रमाणे साध्या फे 500 ला किमान 12 टक्के इलाँगेशन लागतं, फे 500 डी ला 16 टक्के. फे 550 ला किमान 10 टक्के चालतं, 550 डी ला 14.5. टक्क्यांनी डोळ्यांपुढे काही येत नसेल तर असं बघा. 16 मिमीच्या सळईवर 80 मिमीची खूण करून ती तुटेपर्यंत ओढली, तर 500 डी ची खूण जवळजवळ 13 मिमी वाढली पाहिजे. साध्या 550 ची 8 मिमी वाढली तरी ती पास.

भूकंपात घर हलतं तेव्हा तुळई आणि खांबाच्या सांध्यापाशी सळई यील्डच्या पुढे जाते. तिथे तिने लांबायचं असतं, लांबताना धक्क्याची ऊर्जा गिळायची असते. घराला तडे जातात, पण घर उभं राहतं आणि माणसं बाहेर पडतात. म्हणून भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस 13920 मध्ये, 2016 च्या आवृत्तीत, फे 500 आणि फे 550 साठी 14.5 टक्क्यांहून जास्त इलाँगेशनची अट आहे. त्याच मानकात आणखी एक अट आहे जी दुकानात कुणी सांगत नाही. सळईची प्रत्यक्ष यील्ड मजबुती तिच्या ग्रेडपेक्षा 20 टक्क्यांहून जास्त असता कामा नये. तुटण्याची मजबुती मात्र प्रत्यक्ष यील्डच्या किमान 1.15 पट हवी. म्हणजे जास्त मजबुती हा तिथे दोष धरला आहे. इंजिनिअरने जिथे सळई आधी यील्ड व्हावी असं ठरवलंय तिथे ती झालीच नाही, तर तो भार काँक्रीटवर जातो, आणि काँक्रीट सूचना न देता फुटतं.

तुमच्या भागात 30 सप्टेंबर 1993 ला जे झालं त्यात पडलेली घरं बहुतांश दगडमातीच्या जाड भिंतींची होती, तिथे सळईचा संबंधच नव्हता. त्यामुळे 'आता लोखंड घातलं, आता भीती नाही' असं लोक म्हणतात तेव्हा मला काळजी वाटते. लोखंड कुठलं, कसं बांधलं, यावर सगळं आहे.

जालना तुमच्या मराठवाड्यातच आहे, सळईचं ते मोठं केंद्र आहे. शक्य असेल तर कुणाच्या ओळखीने एखादी रोलिंग मिल बघून या. लाल सळई शेवटच्या रोलमधून सुटते आणि पाण्याच्या पेटीतून सरकन निघून जाते. तेवढ्यात बाहेरची कातडी काळवंडते, म्हणजे मार्टेन्साइट होते, गाभा अजून लालच असतो. पुढे कूलिंग बेडवर गाभ्यातली उष्णता बाहेर येते आणि ती कातडी परत थोडी नरम करते. आमच्या भाषेत याला टेम्परिंग म्हणतात. कठीण कडं आणि मऊ गाभा, दोन्ही एकाच सळईत. एखादा तुकडा आडवा कापून, पॉलिश पेपरने घासून, लॅबमध्ये त्यावर नायटल टाकलं, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक अॅसिड, की काही सेकंदांत कडेला गडद कडं उमटतं. ते सगळीकडून सारख्या रुंदीचं, अखंड आणि मधोमध बसलेलं हवं. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पुसट असेल तर पाणी नीट बसलेलं नाही. ही तपासणी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये सहज होते, घरी करू नका.

आणि साइटवर एक बघा. सळई वाकत नाही म्हणून कुणी गॅसने तापवायला लागला तर तिथेच थांबवा. गाभ्याच्या उष्णतेने मिळालेला गुण गॅसच्या ज्योतीने जातो. वाकवलेली सळई सरळ करून पुन्हा वाकवू देऊ नका. रिंगांचे हुक 135 अंशात आत वळवून घ्या, फिटर घाईत 90 वर सोडतात.

चलन आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा. त्यावर आधी इलाँगेशनचा रकाना वाचा, मग यील्डचा, मग दोन्ही मजबुतींचं गुणोत्तर. भाव त्यानंतर.

प्रश्न : वालचंदनगरला रॉकेटचे भाग बनतात हे आम्ही अभिमानाने मुलांना सांगतो. ते कुठल्या पोलादाचे? मुलं विचारतात. — एक शिक्षिका, इंदापूर तालुका

उत्तर : इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याच्या घन इंधनाच्या मोटरचं आवरण मॅरेजिंग पोलादाचं असतं. त्याचा व्यास 2.8 मीटर आहे. मुलांना गंमत वाटेल अशी गोष्ट ही की या पोलादात कार्बन जवळपास नसतोच, 0.03 टक्क्यांच्या आत. निकेल 18 टक्के, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि थोडं टायटॅनियम. कार्बन नसल्यामुळे याचा मार्टेन्साइट मऊ असतो, म्हणून तो वाकवता, कापता, वेल्ड करता येतो. सगळं काम झाल्यावर अख्खा भाग 480 अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवतात. तेवढ्यात आत नॅनोमीटर आकाराचे कण तयार होतात आणि मजबुती 1700 मेगापास्कलच्या आसपास पोचते, चिवटपणाही टिकून राहतो. रॉकेटला हा चिवटपणा मजबुतीइतकाच लागतो. आतल्या दाबाखाली वेल्डमधली एखादी बारीक चीर धावत सुटली तर सगळं संपलं. मुलांना हेही सांगा की हे पोलाद हैदराबादच्या मिधानी या आपल्या सरकारी कंपनीत बनतं.

प्रश्न : हाय एन्ट्रॉपी मिश्रधातूंवर पीएच.डी. करावी का? भविष्य आहे का? — एम.टेक.चा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : विषय खरा आहे; हे मिश्रधातू म्हणजे पाच-सहा धातूंची जवळपास सारख्या प्रमाणातली मिश्रणं. 2004 मध्ये तैवानचे येह आणि ब्रिटनचे कँटर यांनी स्वतंत्रपणे तो जगापुढे आणला. कँटर यांच्या पाच धातूंच्या मिश्रणावर, म्हणजे क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेलवर, 2014 मध्ये जे प्रयोग प्रसिद्ध झाले ते बघ. उणे 196 अंशांना त्याची मजबुतीही वाढते आणि तन्यताही. साधं पोलाद त्या थंडीत ठिसूळ होऊन तुटतं. कारण वर सांगलीच्या विद्यार्थिनीला सांगितलं तेच, थंडीत ट्विन तयार होऊ लागतात आणि कठीण होण्याचा दर टिकतो. द्रवरूप हायड्रोजनच्या टाक्यांसाठी असा धातू मोलाचा ठरू शकतो. पण कोबाल्टचा भाव बघून विषय निवड. कोबाल्टशिवाय हे गुण आणायचं काम घेशील तर त्याला नक्की मागणी राहील. आणि नुसती मिश्रणं बदलत बसू नकोस, ओतण्याच्या आणि रोलिंगच्या अडचणींवरही काम कर.

प्रश्न : आमच्या प्रेसवर 12.9 ग्रेडचे बोल्ट बसवले होते, झिंक प्लेटिंग केलेले. संध्याकाळी टॉर्क रेंचने नीट आवळले, सकाळी दोन बोल्टची डोकी खाली पडलेली. मशीन रात्री चालूही नव्हतं. सर्टिफिकेटवर इलाँगेशन 10 टक्के आहे, मग असे काचेसारखे कसे तुटले? — एक लघुउद्योजक, शिरोली एमआयडीसी

उत्तर : वर्णनावरून हे हायड्रोजनचं काम दिसतं. प्लेटिंगआधी बोल्ट अॅसिडमध्ये बुडवून साफ करतात, त्याला पिकलिंग म्हणतात, आणि मग विजेने झिंक चढवतात. दोन्ही वेळी हायड्रोजन सुटतो आणि अणूंच्या रूपात पोलादात शिरतो. साध्या मऊ पोलादाला त्याचा फारसा त्रास नाही. पण 12.9 ही फार मजबूत ग्रेड, तिचा हार्डनेस 39 ते 44 रॉकवेल सी (कठीणपणाचं आणखी एक माप) असतो, आणि तिथे हा हायड्रोजन घात करतो. बोल्ट आवळला की जिथे ताण सर्वांत जास्त, म्हणजे डोक्याखालच्या कोपऱ्यात किंवा पहिल्या आट्यात, तिथे तो हळूहळू जमा होतो आणि काही तासांनी ग्रेनच्या सीमा सुटतात. सर्टिफिकेटवरचे 10 टक्के खोटे नाहीत. ती चाचणी बहुधा प्लेटिंगच्या आधीच्या बोल्टवर झालेली असते, शिवाय मशीनवर ओढ काही मिनिटांतच संपते, हायड्रोजनला जमायला वेळ मिळत नाही.

तुटलेला पृष्ठभाग हाताने घासू नका, तेल लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून लॅबला द्या. एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, ग्रेनचे सुटे पैलू दिसले तर शंका राहणार नाही. प्लेटरला विचारा की प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत बोल्ट 190 ते 220 अंशांना बेक केले का, आणि किती तास. बॅचनिहाय लेखी नोंद मागा. पुढच्या वेळी 12.9 ला विजेने झिंक चढवूच नका, झिंक फ्लेक, म्हणजे झिंकच्या पातळ पापुद्र्यांचं, कोटिंग घ्या. ते लावताना विजेचं प्लेटिंग नसतं, आणि पिकलिंगऐवजी शॉट ब्लास्टने साफ करून घ्या. किंवा डिझाइनमध्ये जागा असेल तर जाड व्यासाचा, कमी मजबुतीच्या 8.8 ग्रेडचा बोल्ट वापरा, तो हे दुखणं सहसा धरत नाही.

आणि हे वाचल्यावर लगेच करायचं ते असं. त्याच बॅचचे उरलेले बोल्ट, जे अजून शाबूत दिसताहेत ते सगळे, प्रेस बंद करून आज काढा. दोन तुटले म्हणजे बाकीचे चांगले असं धरू नका. हे तुटणं कधीकधी अनेक दिवसांनीही होतं, आणि तेव्हा प्रेसखाली तुमच्या माणसाचा हात असेल.